‘गेल्तो’ म्हणणाऱ्यांना ‘पिक्टिटप’ जड का जावं? इंग्रजी भूतकाळाच्या कार्डसंचाचं परीक्षण

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका इंग्रजीच्या क्लासने आपल्या मुलांसाठी काढलेला हा संच आता बाहेरच्यांनाही विकत मिळतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात १८० कार्डं, ७२ पानांची स्पायरल वही आणि वहीच्या मलपृष्ठावर ध्वनिफितींचा क्यूआर कोड. किंमत ४५० रुपये. विषय फक्त एक: इंग्रजी क्रियापदाचं भूतकाळाचं रूप आणि त्याला लागून येणारा शब्द. निळ्या ८० कार्डांवर तो शब्द प्रीपोझिशन आहे, हिरव्या ६० वर सर्वनाम आणि पिवळ्या ४० वर नाम. पुढच्या बाजूला मराठी वाक्य, मागे इंग्रजी, आणि त्याखाली ते वाक्य बोलताना कानाला कसं लागतं ते देवनागरीत.

एवढ्या चिंचोळ्या विषयावर साडेचारशे रुपये का घालायचे? गो-वेंट-गॉन ही तीन रकान्यांची यादी शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेली असते. परीक्षेत ती लिहिताही येते. तरी मुलाखतीला बसलं की ‘आय वेंट टु होम’, ‘आय आस्केड टु हिम’ ही वाक्यं तोंडातून जातातच. यादीत क्रियापद सुटं असतं आणि चूक होते जोडावर. या संचाने जोडच हातात घेतलाय.

वहीचं पहिलं प्रकरण ‘ई-डी’च्या उच्चाराचं आहे आणि ते नीट जमलंय. आपल्याकडे ‘लुकेड’, ‘हेल्पेड’ ऐकू येतं, कारण आपण लिहिलेलं तसं वाचतो. नियम असा: मूळ क्रियापदाचा शेवटचा आवाज अघोष असेल, म्हणजे क, प, स, फ, श, च यांच्यातला, तर ‘ई-डी’चा ‘ट’ होतो: लुक्ट, हेल्प्ट, मिस्ट, वॉच्ट. शेवट घोष व्यंजनावर किंवा स्वरावर असेल तर ‘ड’: कॉल्ड, लिव्ह्ड, प्लेड. आणि शेवटी मुळातच ‘ट’ किंवा ‘ड’ असेल तरच एक अक्षर वाढतं: वाँटिड, नीडिड. घोष-अघोष कळत नसेल तर गळ्याला दोन बोटं लावून ‘स्स्स’ म्हणावं, मग ‘म्म्म’ म्हणावं. दुसऱ्याला बोटांना थरथर लागते, पहिल्याला नाही. वहीने ही युक्ती चित्रासकट दिलीय. ‘नेकेड’, ‘विकेड’ अशी विशेषणं या नियमात बसत नाहीत, तेही एका चौकटीत आहे.

हा ‘ट’ किंवा ‘ड’ पुढच्या शब्दाला स्वर मिळाला की तिकडे उडी मारतो. ‘लुक्ट ॲट’ बोलताना ‘लुक-टॅट’ होतं, ‘वर्क्ट ऑन’चं ‘वर्क-टॉन’, ‘कॉल्ड अस’चं ‘कॉल-डस’. ‘पिक्ट इट अप’चं ‘पिक-टि-टप’. शब्द तीन, अक्षरंही तीनच, पण कुठल्याही शब्दाची हद्द जागेवर राहत नाही. ऐकणारा ‘टिटप’ हा शब्द डोक्यातल्या डिक्शनरीत शोधत बसतो आणि तोवर पुढचं वाक्य निघून जातं.

खरं तर कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला यात बिचकण्यासारखं काही नाही. ‘गेलो होतो’चं ‘गेल्तो’, ‘केलं होतं’चं ‘केल्तं’ आपण दिवसभर करतो. त्यात जसा ‘ह’ गळून जातो, तसाच इंग्रजी सर्वनामातला ‘ह’ही गळतो: ‘टोल्ड हिम’ म्हणजे ‘टोल-डिम’, ‘आस्क्ट हर’ म्हणजे ‘आस्क-टर’. अट इतकीच की सर्वनामावर जोर नसावा. ‘तिला नव्हे, त्याला सांगितलं’ असं ठासून म्हणायचं असेल तर ‘हिम’चा ‘ह’ शाबूत राहतो. वहीत ही अट एका ओळीत उरकलीय आणि गेल्तो-केल्तंचा दाखला तर कुठेच नाही. राजारामपुरीत बसून तो सुचू नये, याचं नवल वाटतं.

‘यू’ पुढे आला की निराळाच प्रकार होतो. ‘टोल्ड यू’ मधला ‘ड’ आणि ‘य’ एकत्र येऊन ‘टोल-ज्यू’, ‘मेट यू’चं ‘मे-च्यू’, ‘मिस्ट यू’चं ‘मिस-च्यू’, आणि प्रश्नातलं ‘डिड यू’ म्हणजे ‘डिज्यू’. वही याला ‘सवय’ म्हणून मोकळी होते. पण संस्कृत ‘अद्य’चा प्राकृतात ‘अज्ज’ आणि मराठीत ‘आज’ झाला, ‘विद्युत्’ची ‘विज्जु’ होऊन आपली ‘वीज’ झाली. दंतमूळाजवळचं व्यंजन आणि ‘य’ लागोपाठ उच्चारायचे तर जीभ मधल्या जागी टेकते आणि ‘ज’ किंवा ‘च’ निघतो. जीभ सगळ्यांची सारखीच.

इथे छपाईचा एक दोष सांगायलाच हवा. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत, चित्रातला वेगळा आणि चाकातला वेगळा. कार्डावर काही ठिकाणी ‘मेचू’, ‘टोल्जू’ असं छापलंय. ते ‘चूल’ आणि ‘जू’ यांच्यासारखं वाचलं तर उच्चार पार बिघडतो. ‘च्यू’, ‘ज्यू’ असं लिहिलं असतं तर प्रश्नच नव्हता. हिरव्या कार्डांपैकी १४ वर ही गफलत आहे. पेनाने ‘य’ जोडून घ्यावा.

पिवळ्या कार्डांवर नामं आहेत आणि ती बहुतेक व्यंजनाने सुरू होतात, त्यामुळे उडी मारायला जागाच नाही. मग ‘ट’ गिळला जातो. ‘हेल्प्ट पीपल’ मधला ‘ट’ दोन ‘प’च्या मध्ये चेंगरतो. ‘वॉच्ट टीव्ही’ मध्ये दोन ‘ट’ मिळून एकच, जरा जास्त वेळ धरलेला ‘ट’ ऐकू येतो. म्हणजे ‘आय वॉच टीव्ही’ आणि ‘आय वॉच्ट टीव्ही’ कानाला जवळजवळ सारखेच. मग काळ ओळखायचा कसा? वहीने दिलेला उपाय अचूक आहे: कर्ता ‘ही’ किंवा ‘शी’ असेल तर वर्तमानकाळात ‘वॉचेस’ यायला हवं. ‘एस’ नाही ऐकू आला, तर काळ भूत. कर्ता ‘आय’, ‘वी’, ‘दे’ असेल तर मात्र आजूबाजूच्या ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’ यांवरच भिस्त.

ध्वनिफिती दोन वेगांत आहेत, आणि त्यातली सावकाश फीत निरुपयोगी. बोलणाऱ्याने ‘पिक्ट… इट… अप’ असे शब्द तोडलेत. जोड शिकवायचा आणि फितीत तो तोडून ठेवायचा, असं झालंय. सावकाश म्हणताना अक्षरं लांबवायची असतात, सांधे तोडायचे नसतात. नेहमीच्या वेगाची फीत घ्यावी आणि मोबाइलवरच तिचा वेग पाऊणपट करावा. आणखी एक उणीव: अमेरिकन बोलण्यात दोन स्वरांमधला ‘ट’ मऊ पडून ‘ड’च्या जवळ जातो, ‘गॉट इट’चं ‘गॉडिट’ होतं, ‘पुट इट ऑन’चं ‘पुडिडॉन’. फितींत ते औषधालाही नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातून परदेशी गिऱ्हाइकाशी फोनवर बोलणाऱ्याला याचीच गरज पडते.

आता निळी कार्डं. सगळा संच यांच्यावर उभा आहे.

मराठीतला ‘ला’ हा या विषयातला मोठा चकवा. आपण ‘ला’ म्हणजे ‘टु’ असं गृहीत धरतो, कारण ‘पन्हाळ्याला गेलो’ म्हणजे ‘वेंट टु पन्हाळा’ हे शाळेत बरोबर आलेलं असतं. मग ‘त्याला विचारलं’ याचं ‘आस्क्ट टु हिम’ होतं. वहीने ‘ला’ची दोन टोपल्यांत विभागणी केलीय. पहिल्या टोपलीत क्रियापदाला माणूस थेट चिकटतो, मध्ये काही नाही: टोल्ड हिम, आस्क्ट हिम, मेट हिम, हेल्प्ट हिम, कॉल्ड हिम, आन्सर्ड हिम. दुसऱ्या टोपलीत ‘टु’ लागतोच: सेड टु हिम, एक्सप्लेन्ड इट टु हिम, रिप्लाइड टु हिम, लिसन्ड टु हिम, अपॉलजाइज्ड टु हिम. ‘आन्सर’ आणि ‘रिप्लाय’ यांचा अर्थ जवळजवळ एकच, तरी टोपल्या वेगळ्या. म्हणून अर्थावरून अंदाज बांधायचा नाही, क्रियापद शेपटीसकट लक्षात ठेवायचं. सगळ्यात जास्त पाय घसरतो तो ‘एक्सप्लेन्ड’वर. ‘टोल्ड मी द प्रॉब्लेम’ चालतं म्हणून ‘एक्सप्लेन्ड मी द प्रॉब्लेम’ही चालेल असं वाटतं. चालत नाही. ‘सजेस्टेड’चंही तेच. या दोघांवर मिळून सहा कार्डं आहेत, ती कमीच पडतात.

‘शी’ आणि ‘वर’ यांचाही असाच हिशेब आहे. ‘त्याच्याशी लग्न केलं’ यातला ‘शी’ इंग्रजीत नाहीसा होतो: ‘मॅरिड हिम’. ‘त्याच्याशी भांडलो’ मध्ये तो ‘विथ’ होतो आणि ‘त्याच्याशी बोललो’ मध्ये ‘टु’. ‘त्याच्यावर हसले’ म्हणजे ‘लाफ्ट ॲट’, ‘त्याच्यावर अवलंबून होते’ म्हणजे ‘डिपेंडिड ऑन’, आणि ‘त्याच्यावर विश्वास ठेवला’ म्हणजे नुसतं ‘ट्रस्टिड हिम’. ‘पगारावर चर्चा केली’ याचं ‘डिस्कस्ट द सॅलरी’, मध्ये ‘अबाउट’ नको, ‘ऑन’ही नको. ‘बसची वाट पाहिली’ मध्ये उलट ‘फॉर’ घालावाच लागतो.

पोचण्याची कार्डं तर कोल्हापूरकरांसाठीच केल्यासारखी आहेत. ‘रीच्ट कोल्हापूर’ला काही लागत नाही. ‘अराइव्ह्ड’ला गावासाठी ‘इन’ आणि स्टँडसाठी ‘ॲट’. ‘गॉट’ला ‘टु’. घर मात्र सगळ्यांचा लाडका अपवाद: वेंट होम, केम होम, गॉट होम, कुठेच ‘टु’ नाही. आपण केएमटीच्या बसमध्येही बसतो आणि रिक्षातही बसतो, उतरतो दोन्हींतून. इंग्रजीत बससाठी ‘गॉट ऑन’ आणि बिंदू चौकात उतरलात तर ‘गॉट ऑफ ॲट बिंदू चौक’. रिक्षासाठी ‘गॉट इंटू’ आणि ‘गॉट आउट ऑफ’. जिथे उभं राहून दोन पावलं चालता येतं तिथे ‘ऑन’, वाकून शिरावं लागतं तिथे ‘इंटू’. वहीची ही खूण ट्रेन, विमान आणि कारलाही लागू पडते.

यापुढच्या प्रकरणात मात्र वही चुकते, आणि चूक साधी नाही. ‘पिक्ट अप’, ‘टर्न्ड ऑफ’ यांसारख्या दोन शब्दी क्रियापदांबद्दल पान ४१ वर नियम दिलाय: नाम असेल तर मध्ये किंवा शेवटी, सर्वनाम असेल तर नेहमी मध्ये. ‘टर्न्ड ऑफ द फॅन’ चालतं, ‘टर्न्ड द फॅन ऑफ’ही चालतं, पण ‘इट’ आला की ‘टर्न्ड इट ऑफ’ एवढंच. इथवर ठीक. पण ‘नेहमी’ हा शब्द घात करतो. ‘लुक्ट आफ्टर हर’ याचं ‘लुक्ट हर आफ्टर’ होत नाही. ‘रॅन इंटू हिम’, ‘केम अक्रॉस इट’, ‘गॉट ओव्हर इट’ यांतही सर्वनाम शेवटीच. ‘रॅन आउट ऑफ इट’, ‘पुट अप विथ इट’ अशा तीन शब्दी जोडांतही तसंच. ही दोन वेगळी कुळं आहेत: एकात ‘अप’, ‘ऑफ’ हे क्रियापदाचे सुटे भाग असतात आणि दूर सरकू शकतात. दुसऱ्यात ‘आफ्टर’, ‘इंटू’ ही खरी प्रीपोझिशन्स असतात आणि आपल्या नामाला सोडत नाहीत. बऱ्याचदा कानही मदत करतो. ‘पिक्ट इट अप’ मध्ये जोर ‘अप’वर पडतो, ‘लुक्ट ॲट इट’ मध्ये ‘ॲट’ दबलेला असतो. हा अंदाज आहे, कायदा नाही. म्हणून प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात एखादी खूण छापायला हवी होती, मधलं की शेवटचं. ती नसल्यामुळे पान ४१ वाचलेला विद्यार्थी कार्डाशी भांडत बसतो. ‘नेहमी’ खोडून ‘बऱ्याचदा’ लिहावं.

सर्वनाम मध्येच का घुसतं, हे वहीने छान सांगितलंय. वाक्याच्या शेवटची जागा नव्या माहितीची. ‘इट’ म्हणजे आधीच ठाऊक असलेली वस्तू, तिला शेवटचा मान मिळत नाही.

हिरव्या कार्डांनी एक दुखणं बरोबर पकडलंय. मराठीत आपण कर्म गाळतो. ‘आवडलं?’ ‘आवडलं की!’ झालं. त्यामुळे इंग्रजीतही ‘यस, आय लाइक्ट’ म्हणून थांबतो. तिथे ‘इट’ लागतोच: ‘लाइक-टिट’, ‘ब्रॉ-टिट’, ‘सॉ इट’. बोलताना हा ‘इट’ इतका बारीक होतो की ऐकतानाही निसटतो आणि मग आपल्या तोंडूनही गळतो. दुसरं दुखणं लिंगाचं. वही खाली पडली, मी ती उचलली. ‘ती’ म्हणून ‘आय पिक्ट हर अप’ म्हणाल तर ऐकणाऱ्याला वाटेल, तुम्ही कुणा बाईला गाडीवर घ्यायला गेला होता.

‘मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली’ मध्ये क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं आणि इंग्रजीत ‘एट’ तसंच राहतं, यावर वहीने चार पानं खर्च केलीत. कशाला? ही चूक कुणी करतच नाही. त्याऐवजी जी चूक सगळे करतात ती अर्ध्या पानात कोंबलीय: ‘काल जोतिबाला गेल्तो’ याचं ‘आय हॅड गॉन टु जोतिबा यस्टरडे’. मराठीतलं ‘होतो’ नुसतं गोष्ट घडून गेली एवढंच सांगतं. इंग्रजीतला ‘हॅड’ मात्र विचारतो, कशाच्या आधी? दुसरी भूतकाळातली घटना जवळ नसेल तर ‘वेंट’ पुरे. ‘स्टँडवर पोचलो तेव्हा बस गेली होती’ यात मात्र ‘हॅड लेफ्ट’ हवाच, कारण तिथे आधी-नंतर आहे. पुढच्या आवृत्तीत त्या चार पानांची जागा या विषयाला द्यावी. ‘डिडन्ट वेंट’लाही त्यातलं अर्धं पान मिळावं. ‘गेलो नाही’ मध्ये मराठी भूतकाळ क्रियापदातच राहतो, इंग्रजीत तो ‘डिड’ने आधीच उचललेला असतो.

वापरायची पद्धत वहीत एका रंगाची कार्डं सलग करावीत अशी सांगितलीय. तसं केलं तर दहाव्या कार्डानंतर उत्तर वाचायच्या आधीच कळतं, कारण सगळ्यांचा साचा एकच असतो. तिन्ही रंग पिसून रोज १५ कार्डं घ्यावीत. मराठी बाजू वाचून इंग्रजी मोठ्याने म्हणायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं, मग फितीशी ताडायचं. चुकलेलं कार्ड खोक्यात मागे न टाकता पुढच्या पाचांत परत सरकवायचं. श्रुतलेखनाची दहा पानं आहेत, ती तीन फेऱ्यांत करावीत: पहिल्यांदा नुसता अर्थ, दुसऱ्यांदा लिहिणं, तिसऱ्यांदा क्रियापद आणि त्याच्या शेपटीखाली रेघ. लिहिलेल्या वाक्यातले शब्द मोजून उत्तराशी जुळवले की कुठला ‘इट’ किंवा ‘हिम’ हरवला ते लगेच सापडतं.

कागदाबद्दल थोडं. कार्डं पातळ आहेत, उजेडात धरली तर मागचं इंग्रजी दिसतं. मुलं तेच करतात. हिरवा आणि निळा रंग ट्यूबलाइटखाली ओळखू येत नाही, कोपऱ्यावर प, स, न अशी अक्षरं टाकून घ्यावीत. शब्दसूची नाही, त्यामुळे एखादं क्रियापद शोधायला अख्खी वही चाळावी लागते.

दहावीच्या आतल्या मुलांनी हा संच घेऊ नये. तीन रकान्यांची यादीच पक्की नसेल तर इथे काही हाती लागणार नाही. कॉलेजातली मुलं, नोकरीच्या मुलाखतीला निघालेले, आणि उद्यमनगरात ईमेल लिहिणारे सुपरवायझर यांच्यासाठी तो आहे. ईमेलवाल्यांनी उच्चाराची पानं सोडून थेट निळ्या कार्डांपासून सुरुवात केली तरी चालेल. विकत घेताना दुकानातच क्यूआर कोड उघडून पाहावा. हाताळलेल्या प्रतीतला कोड नेमका मलपृष्ठाच्या घडीवर छापलेला होता आणि फोनला तो तिसऱ्या खेपेला वाचता आला.